मानाच्या कोऱ्या ओळी

ठकूबाईच्या धाकट्या लेकीचं, आवडीचं लग्न झालं ते त्रेसष्ट साल. त्याच वैशाखात, दारातला मांडव उतरायच्या आत, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावाने ठकूबाईच्या मुरारीसाठी युद्धस्मारक उभारायचं ठरवलं. ठराव एकमताने झाला. गावात एकमत झालं तेव्हाच ठकूबाईला धास्ती वाटायला हवी होती. पण लेकाचा देह घरी आला नव्हता, आली ती पत्र्याची ट्रंक. त्याचं नाव कुठेतरी कोरलेलं असावं, तिथे फूल वाहता यावं, एवढंच तिला हवं होतं.

नकाशा चटकन ठरला. देवाची पालखी टेकते त्या सहाणेशेजारी काळा दगड उभा करायचा. वर चंद्रसूर्य, म्हणजे कीर्ती. खाली तलवार, म्हणजे शौर्य. मुरारीच्या हाती बंदूक होती, पण सरपंच दत्तारामच्या मते बंदुकीत तेवढा अर्थ नव्हता. मध्ये नाव.

नावापाशी महिपती खाकरला. गावचा पहिला मान त्याच्या घराचा.

"पालखीला पहिला खांदा कुनाचा?"

"तुमचा," दत्ताराम म्हणाला.

"होळीचा पहिला नारळ?"

"तुमचाच."

"मग गावच्या दगडावर पहिलं नाव?"

दत्ताराम चाचरला. "पन दादा, तुमच्या घरचा लढाईत कोन मेलाच नाय."

"हा आमचा गुन्हा झाला काय?"

"नाय भावजी," ठकूबाई कोपऱ्यातून म्हणाली, "चूक चिन्याची. गोळी मानापरमानं झाडाया नको?"

कुणी हसलं नाही. मानाच्या बाबतीत गाव हसत नसे. पहिली ओळ महिपतीच्या घरासाठी मोकळी सोडायचं ठरलं. मग दुसरी कोंडाजीच्या घराची, तिसरी गोमाजीच्या. मुरारीला चौथी आली.

"चवथी तर चवथी," ठकूबाई म्हणाली. "कोरा."

पाथरवट छिन्नी घेऊन बसला आणि कोंडाजीने त्याचा हात धरला. पहिल्याने नारळ उचलल्याशिवाय दुसऱ्याने उचलायचा नाही, ही देवाची रीत. वरच्या तीन ओळी भरल्याशिवाय चौथी भरणार कशी?

"म्हंजे तुमच्या तीन घरची मान्सं लढाईत मरायची, मग माजा मुरारी मेला म्हनायचा?"

"तसं नाय गो वैनी. मेला तो मेलाच. फकस्त कोरायचा नाय."

पासष्टला पाकिस्तानशी लढाई लागली. ठकूबाई तिन्ही घरी जाऊन आली. भरतीला कोण जातंय का, म्हणून विचारलं. तिन्ही घरची पोरं मुंबईला गिरणीत. गणपतीच्या दिवसांत असं अभद्र बोलू नये, असं तिन्ही घरांनी सांगितलं. एवढं एकमत ठरावानंतर पहिल्यांदाच झालं.

शेवटी सव्वीस जानेवारीला दगड कोराच उभा राहिला. तालुक्याचे साहेब आले, दगडाकडे बघत राहिले आणि गहिवरले. "नावाची हाव नसलेलं हे गाव! या कोऱ्या ओळी म्हणजे निरपेक्ष त्यागाचं प्रतीक." टाळ्या पडल्या. नारळ मानाप्रमाणे फुटले. ठकूबाईची पाळी येईतो साहेबांची जीप ओढ्यापार गेली होती.

पुढल्या वर्षी महिपती आंब्यावरून पडून गेला. तेराव्याला गावाने पहिली ओळ कोरली: वीर महिपती.

"आंब्यावरनं पडून वीर?" ठकूबाईने विचारलं.

"मरान ते मरान, काकी," दत्ताराम म्हणाला. "मान चुकला तर देव कोपंल."

ठकूबाईने वाद घातला नाही. मरण ते मरण, तर वाट मोकळी झाली होती. रोज सकाळी ती कोंडाजीच्या ओट्यापाशी थांबू लागली. "भावजी, खोकला कसा हाय?" कोंडाजीने धास्तीने विडी सोडली, झाडावर चढणं सोडलं, आणि उतारवयात तो ठणठणीत झाला.

त्या वाटेने गेलात तर तुम्हीही दगडाला हात जोडाल. सगळेच जोडतात. वाचायला थांबलात तरी पहिल्या ओळीवर तुमचं समाधान होईल आणि एस.टी. गाठायला तुम्ही निघाल. ठकूबाई एकोणसत्तरच्या माघात वारली. तिचा लेक मुरारी सयाजी कळंबे अठरा नोव्हेंबर एकोणीसशे बासष्ट रोजी चीनच्या लढाईत मेला.