पॉइंट गार्डचा सत्कार

"मंचावर बसवलेला माणूस कधी नाही म्हणत नाही!"

हे मत कौतिकनाना भंगाळे यांचं. आणि नानांचं मत एकदा झालं की ते जळगावच्या उन्हासारखं असायचं, कोणी कितीही घाम गाळला तरी उतरायचं नाही.

नाना खताच्या दुकानाचे मालक आणि तापीकाठ क्रीडा मंडळाचे चिटणीस. दुकान त्यांच्या पत्नी सुनंदाबाई सांभाळायच्या, नाना मंडळ सांभाळायचे. दोघांपैकी दुकान बरं चाललं होतं! मंडळाची बास्केटबॉलची टीम सालोसाल आंतरजिल्हा स्पर्धेत उतरायची आणि सालोसाल धुळेकरांचा मार खाऊन बाहेर पडायची. नानांनी रोगाचं निदान केलं होतं. पोरं तगडी आहेत, उंच आहेत, रात्रंदिवस पळतील, पण कुठं पळायचं ते सांगणारं कोणी नाही! बास्केटबॉलमध्ये हे काम पॉइंट गार्डचं. चेंडू खेळवत तोच पुढे आणतो, कोणाला द्यायचा ते तोच ठरवतो, बाकीचे चार जण त्याच्या डोळ्याच्या इशाऱ्यावर नाचतात. असा गार्ड नानांच्या मते अख्ख्या खान्देशात एकच होता. धुळ्याचे पितांबर बैसाणे. पाटबंधारे खात्यात नोकरी, वीस वर्षं मैदानावर आणि वय एक्केचाळीस!

"एक्केचाळीस?" मंडळाच्या सभेत टीमचा कप्तान भटू जवळजवळ किंचाळलाच. "नाना, त्याच्या गुडघ्याचा आवाज पंचाच्या शिट्टीच्या वर ऐकू येते!"

"येऊ दे! त्याचे गुडघे वाजतात, पण डोकं चालते. तुमचं उलटं आहे!"

"आपली टीम म्हंजे काय म्हाताऱ्या गुरांचा पांजरापोळ आहे का?"

"भटू, तुम्ही पोरं पळता. तो पोहोचतो!" नानांनी टेबलावर मूठ आपटली. चहाचे कप हादरले.

अध्यक्ष जीवरामआबा हे शांत गृहस्थ. कोणाचंही मन मोडायचं नाही म्हणून ते सहसा झोपेत असायचे. ते जागे झाले आणि म्हणाले, "आन समजा नाना, तो आलाच नाही तर?"

"तर चिटणीसपद सोडतो! मंडळाचा शिक्का या भटूच्या हातात देतो!"

चौदा वर्षं तो शिक्का नानांच्या खिशात होता. लग्नाला जातानासुद्धा ते तो घरी ठेवत नसत. आता भटूचे डोळे चमकले, आणि नानांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. पण शब्द म्हणजे शब्द!

दुसऱ्याच दिवशी नाना धुळ्याला गेले. पितांबरभाऊंनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाहू."

आता हे 'पाहू' फार खोल असतं. लग्नाची मुलगी असो, शेताचा बांध असो, की निवडणुकीतलं मत, आपल्याकडे एका 'पाहू'त समोरच्याला चार वर्षं लोंबकळत ठेवता येतं. नाना परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि पारोळा येईपर्यंत त्यांना युक्ती सुचली. सत्कार! पितांबरभाऊंना जळगावला बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि शेवटी सगळ्यांसमोर माइकवरून जाहीर करून टाकायचं की हे आता आमच्याकडून खेळणार! भरल्या सभेत कोण नाही म्हणणार?

मात्र बेत गुप्त ठेवायला हवा होता. धुळ्याच्या क्लबला वास लागला तर ते आपला माणूस कशाला सोडतील? म्हणून नानांनी खरं कारण कोणालाच सांगितलं नाही. फक्त सुनंदाबाईंना सांगितलं, कारण त्यांना न सांगता काही करायची नानांची छाती नव्हती.

"अहो, खेळत्या माणसाचा सत्कार?" सुनंदाबाई म्हणाल्या. "लोक काय समजतीन?"

"समजू दे काही पण! शेवटी माइक माझ्या हातात आहे ना!"

"त्याले एकट्याले गाठून सरळ विचारा ना परत."

"तुला राजकारण कळत नाही!"

लोक काय समजायचं ते समजले. सत्कार कधी होतो? माणूस निवडून आला तर, मुलगा डॉक्टर झाला तर, नाहीतर माणूस निवृत्त झाला तर. पितांबरभाऊ कुठं उभे राहिले नव्हते. त्यांचा थोरला मुलगा सहावीत होता. उरलं काय? निवृत्ती! भटूला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हातारा आपणहून थांबतोय म्हटल्यावर त्यानं हौसेनं पोरांकडून वर्गणी गोळा केली आणि चांगली ऐसपैस वेताची आरामखुर्ची विकत आणली.

आणि भाषणाला कोण? पारोळ्याचे आधार गुरुजी! नानांनी त्यांना बोलावलं ते आवाज खणखणीत म्हणून. पण गुरुजींकडे भाषण एकच होतं. त्यांचं ते भाषण झाल्याशिवाय पारोळा तालुक्यात कोणाला पेन्शन सुरू होत नाही, असं लोक म्हणायचे.

झालं! सत्काराच्या दिवशी संध्याकाळी शाळेचं पटांगण भरलं. पितांबरभाऊ, त्यांच्या पत्नी लिलाबाई आणि थोरला मुलगा एसटीनं आले. नाना स्टँडवर हजर होतेच. पितांबरभाऊंनी उतरल्या उतरल्या नानांना बाजूला ओढलं. "नाना, एक बोलायचं होतं..."

"आता काही बोलू नका!" नाना घाईघाईनं म्हणाले. "जे काय ते मंचावर!"

मंचावर आरामखुर्ची पाहून नाना दचकले. "भटू, हे काय रे?"

"भेट! पोरांकडून!" भटू गोड हसला. नानांना वाटलं, चला, पोरगं वळणावर आलं. ते बिचारे खूश झाले.

गुरुजी उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मित्रहो, सूर्य उगवतो तसा तो मावळतोही!"

नानांनी चमकून गुरुजींकडे पाहिलं.

"आज पितांबरराव आयुष्याच्या संध्याकाळी उभे आहेत. खूप धावलात! आता सकाळी फिरायला जा, सूनबाईच्या हातचा चहा घ्या, नातवंडांत रमा!"

सहावीतला मुलगा पुढच्या रांगेत शेंगदाणे खात बसला होता. त्यानं खाणं थांबवून बापाकडे पाहिलं.

नानांनी गुरुजींची बाही ओढली. "आवरतो, आवरतो," म्हणत गुरुजी आणखी पंधरा मिनिटं बोलले. शेवटी नाना उठले आणि त्यांच्या कानाशी लागले, "गुरुजी, ते निवृत्त होत नाहीयेत!"

गुरुजींचा चेहरा उजळला. माइककडे वळून ते गरजले, "चिटणीसांनी आत्ताच मला सांगितलं, पितांबरराव निवृत्त होत नाहीत! वा! किती खरं! माणूस निवृत्त होतो, त्याची कीर्ती कधी होत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! नाना मटकन बसले.

लगेच भटूनं पितांबरभाऊंना हाताला धरून आरामखुर्चीत बसवलं. बसले मात्र, आणि माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला! मग कोणीतरी लिलाबाईंपुढे माइक धरला. त्या बाई जन्मात माइकवर बोललेल्या नव्हत्या. पदर सावरून त्या हळूच म्हणाल्या, "वीस वरीस व्हई ग्यात. दर आयतवारले हाऊ माणूस मैदानवर. आते घर राहीन... माले बरं वाटनं." आणि त्यांना रडू कोसळलं. झालं, पटांगणातल्या सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आधार गुरुजींनीही लावला, उपरण्याचा.

पण नाना हार मानणारे नव्हते! त्यांनी झडप घालून माइक धरला आणि ओरडले, "ऐका! पितांबरभाऊ पुढच्या महिन्यापासून आपल्या तापीकाठ मंडळाचे! आपले!"

मग भटूनं टाळी वाजवली. "मानद सदस्य! जोरदार टाळ्या!"

पुन्हा कडकडाट!

शेवटी पितांबरभाऊ खुर्चीतून उठले. गुडघा वाजला, तो माइकमधून मागच्या रांगेपर्यंत गेला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरले की माणूस घरच्या बोलीत बोलतो. "भाऊ हो, मी आज येगळीच गोट सांगाले आयेल व्हतू. पन बठ्ठा इतलं चांगलं बोलनात, तं मन्हाबी इचार व्हई गया. आजपाईन मन्हा खेय बंद!" म्हणजे आजपासून खेळ बंद!

नानांनी ज्याला आणायचं म्हणून जीव टाकला, त्याला त्यांनी स्वतःच्या खर्चानं, शाल पांघरून, कायमचा घरी पाठवलं!

"नाना, शिक्का?" मांडव उतरवता उतरवता भटूनं विचारलं.

"स्पर्धा होऊ दे! तोवर माणूस आणतोच!" नाना म्हणाले. ते पुन्हा धुळ्याला जाऊन आले. पितांबरभाऊंनी हात जोडले. "नाना, आता खेळलो तर लोक तोंडात शेण घालतील! तुमची खुर्ची घेऊन बसलोय मी!"

तिकडे धुळ्यात मात्र भलतंच घडत होतं. सत्काराची बातमी पेपरात छापून आली आणि तिथल्या क्लबची मान खाली गेली. जळगावकरांनी आपल्या माणसाला शाल दिली आणि आपण त्याला कधी साधा हार घातला नाही! ते हातापाया पडत पितांबरभाऊंच्या घरी गेले. दार लिलाबाईंनी उघडलं. त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. कारण निवृत्त पॉइंट गार्ड आरामखुर्चीत बसून सगळं घर खेळवत होता! "तवा आधी उतरव, मग तो डबा डाव्या हातानं दे! मागे बघ, मागे! मुलगा मोकळा उभा आहे, ताट त्याला दे!" लिलाबाईंनी क्लबच्या माणसांना पुढचं बोलूच दिलं नाही. नवऱ्याचे बूट त्यांनीच बाहेर आणून ठेवले.

अशा रीतीनं अंतिम सामन्यात तापीकाठ मंडळासमोर धुळ्याचा क्लब उभा राहिला, आणि चेंडू होता पितांबर बैसाणे यांच्या हातात! गडी पळत नव्हताच. चालत होता. पण भटू उजवीकडे झेपावला की चेंडू डावीकडून निघून गेलेला असायचा! 'आयुष्याच्या संध्याकाळी'चा सगळा राग त्यांनी त्या चेंडूत भरला होता. शेवटच्या मिनिटात भटू दोन्ही हात पसरून समोर उभा राहिला. पितांबरभाऊंनी चेंडू त्याच्या दोन पायांच्या मधून पलीकडच्या आपल्या गड्याला दिला, त्यानं तो बास्केटमध्ये टाकला आणि सामना संपला. जळगाव एका बास्केटनं हरलं.

नाना बाकावर डोकं धरून बसले होते. घाम पुसत पितांबरभाऊ शेजारी येऊन बसले.

"नाना, खरं सांगू? आमचा क्लब मला वगळणारच होता. त्या दिवशी मी तुम्हाला हो म्हणायलाच आलो होतो. एसटीतून उतरल्यावर मला बोलू दिलं असतं, तर स्टँडवरच सही केली असती!"



त्या आठवड्यात मंडळाची सभा भरली. नानांनी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. "घ्या. माणूस आणू शकलो नाही. शब्द पाळतो."

भटूनं शिक्का उचलला, क्षणभर पाहिला आणि पुन्हा नानांपुढे सरकवला. "नाना, ठेवा तुमच्याजवळ. त्या दिवशी त्या माणसानं मले चाळीस मिनिटं वेड्यासारखं फिरवलं. तुम्ही म्हनत व्हते तेच खरं. पुढच्या साली त्याले आनाच लागते! मीच ठराव मांडतो."

सगळ्यांनी हात वर केले. जीवरामआबांनीसुद्धा, तेही जागेपणी! नानांची छाती फुगली. शेवटी आपलंच खरं झालं! ते ताडकन उठले. "मग उद्या पहिल्या गाडीनं मी धुळ्याला..."

जीवरामआबा खोकले.

"बसा नाना. ठराव अर्धाच झालाय. पितांबरभाऊंना आणायला मंडळातलं कोणीही जाईल. फक्त त्या दिवशी चिटणीसांनी घराबाहेर पडायचं नाही."

नाना सोडून बाकी सगळ्यांचे हात पुन्हा वर गेले. आणि ही कल्पना मुळात सुनंदाबाईंची होती, हे नानांना घरी गेल्यावर कळलं.