सोनागिरीची दंतभिशी

“माझ्या भिशीचे पैसे तुमच्या दाढेत भरायला नाहीयेत,” सुमित्राकाकू म्हणाल्या. “कारखान्याच्या दवाखान्यात फुकट काढून देतात. जा आणि काढून या.”

“काढायचीच असती तर तू सांगेपर्यंत थांबलो असतो?” नरहरकाका गाल धरून म्हणाले. “वाचवायचीय मला ती. उजवीकडे चावायला तेवढी एकच उरलीय.”

“मग डावीकडून चावा.”

“डावीकडे काय आहे ते तुला माहितीय.”

डावीकडे काहीच नव्हतं. तिकडचा सगळा माल दवाखान्याने आधीच फुकटात उचलला होता.

नरहर उमाळकर मूळचे अमरावतीचे. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात अख्खी नोकरी काढली आणि तिथल्याच सोनागिरी वसाहतीत घर घेऊन बसले. केसाएवढी चीर दिसली तरी टनाचा माल परत पाठवणारा माणूस. आता स्वतःच्याच दाढेला चीर गेली होती आणि ती परत कुठे पाठवावी हे कळत नव्हतं.

निवृत्त लोकांना दात काढून घेणं फुकट होतं, वाचवणं नियमात नव्हतं. काकांनी दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन कारण विचारलं. आतल्या बाबूने अजिबात न चिडता समजावलं, “सर, काढणं हा उपचार आहे. वाचवणं हा शौक आहे. काढला की केस बंद. वाचवला की माणूस परत दुखतंय म्हणून येतो. सरकारी पैशात असला झंझट कोण पाळणार?”

मग काका अयोध्या नगरला डॉ. परीक्षितकडे गेले. तिथे एसी होता, काचेच्या टाकीत मासे होते, आणि कुणाला काही दुखतंय असं वाटत नव्हतं, कारण किंमत ऐकली की दुखणं आपोआप दुसऱ्या नंबरवर जातं. रूट कॅनाल आणि वर टोपी, दोन्ही मिळून काकांची महिन्याची पेन्शन, वर थोडं आणखी.

“हप्ते पाडून देतो ना, अंकल,” डॉक्टर म्हणाला. “फ्रिज नाही का घेत लोक हप्त्यावर?”

“फ्रिज बिघडला तर कंपनी बदलून देते. तुम्ही दाढ बदलून देता?”

डॉक्टर गोड हसला. त्याचे दात फार छान होते. कुणी भरले असतील पैसे, देव जाणे.

त्या संध्याकाळी काकांच्या डोक्यात आयडिया आली. बायका भिशी लावतात. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने सगळी रक्कम न्यायची. त्यात कढया येतात, बांगड्या येतात. मग दाढ का नाही येणार? आठवड्यात सोनागिरीतली मराठी घरं गोळा झाली आणि दंतभिशी सुरू झाली. नियम एकच, आणि तो काकांनीच घातला: पैसा फक्त दातावर खर्च करायचा. नाहीतर लोक मिक्सर आणतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं. अध्यक्षपद रत्नप्रभाबाईंना दिलं. तोंडात स्वतःचा एकही दात नसल्यामुळे त्या निःपक्ष आहेत, असं एकमताने ठरलं.

पहिली चिठ्ठी विनायकची निघाली. हा गडी लहानपणापासून कडुलिंबाच्या काडीवर वाढलेला, दाताने सुपारी फोडणारा.

“मला तर काही होत नाही,” तो म्हणाला. “काकांना द्या.”

“नियम आहे,” काका म्हणाले. स्वतःचा नियम स्वतःच मोडला तर तपासणी खात्याची काय इज्जत राहिली?

म्हणून विनायकने दात पॉलिश करून घेतले, पांढरे करून घेतले आणि वर एक खडा बसवून घेतला. परत आल्यापासून तो कुणाच्या मयताला गेला तरी हसायला लागला. एवढा खर्च झालेला, लोकांना दिसायला नको?

दुसरी चिठ्ठी रत्नप्रभाबाईंची. त्यांची कवळी नवीच होती. पण पैसा वाया कसा घालवायचा, म्हणून त्यांनी दुसरी करून घेतली. एक घरची, एक लग्नकार्याची.

इकडे काकांचा गाल सुजत चालला. तिकडे डॉ. परीक्षितने भिशी किती जमते याची चौकशी केली आणि स्वतःही मेंबर झाला. पुढच्या महिन्यात रूट कॅनालचा भाव भिशीच्या रकमेइतका झाला, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

“योगायोग, अंकल,” तो म्हणाला.

शेवटी काकांनी मीटिंगमध्ये तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. “ज्याला जास्त दुखतं त्याला आधी द्या. चिठ्ठी बंद करा.”

ठराव लगेच मंजूर झाला, आणि मंजूर होताच सगळ्या सोनागिरीला दुखायला लागलं. जो तो गाल धरून फिरू लागला. मग खरं दुखणं कुणाचं हे ठरवायला एक समिती नेमली, आणि तिने परीक्षा ठेवली: सगळ्यांसमोर बर्फाचं पाणी प्यायचं, आणि कोण किती ओरडतं त्यावर नंबर लागणार.

विनायक असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक सिलेंडर फुटला समजून बाहेर पळाले. तो पहिला आला.

काकांची पाळी आली. अख्ख्या नोकरीत त्यांनी हाताखालच्यांच्या आजारपणाच्या रजेवर ‘नाटक’ असा शेरा मारला होता. आता त्यातलेच निम्मे इथे बसलेले, त्यांच्यापुढे कण्हायचं? त्यांनी पाणी प्यायलं. डोळ्यांतून धार लागली, मान थरथरली, पण तोंडातून आवाज नाही.

“कसं वाटतंय, भाऊ?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

“ठीक आहे,” काका म्हणाले.

त्यांच्या नावापुढे लिहिलं गेलं: वेदना आढळली नाही.

“ओरडायला काय जात होतं तुमचं?” घरी आल्यावर सुमित्राकाकू म्हणाल्या. “माझ्यावर तर पाणी न पिताच ओरडता.”

परीक्षेवरून एवढी भांडणं झाली की समितीने पुन्हा चिठ्ठीच आणली. तोवर काकांना पेज पण जाईना. शेवटी एका दुपारी काकूंनी त्यांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. खुर्चीत बसवलं, चिमटा लावला, केस बंद. फुकट.

आणि मग पुढच्या सोडतीत चिठ्ठी निघाली: नरहर उमाळकर.

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात विनायकने वाजवल्या, हसत. मग रत्नप्रभाबाईंनी काकांना आ करायला सांगितलं, आत वाकून बघितलं आणि चष्मा काढला.

“भाऊ, लाभार्थी दाढ जागेवर नाही.”

“गेल्या सोमवारी काढली.”

“मग पैसा कशावर खर्च करणार? नियम तुमचाच आहे.”

“आणि माझे आजवरचे हप्ते?”

“सुरक्षित आहेत ना. आता तुम्ही अपात्र सभासद. हप्ते तेवढे चालू ठेवायचे.”

डॉ. परीक्षितने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “अंकल, मनाला लावून घेऊ नका. हाडात स्क्रू घालून नवीन दाढ बसवतो. खरीपेक्षा पक्की. फक्त तीन भिशा लागतील.”

काका भांडले नाहीत. सुमित्राकाकूंनी त्या दिवशी पोळी वरणात कुस्करून वाढली. काकांनी ती गिळली, हात धुतले आणि तीन नव्या भिशांची मीटिंग बोलावली. काकूंनी या वेळी पहिला हप्ता स्वतःच्या भिशीतून काढून दिला. त्यांचीही एक दाढ हलतेय.

हसू आलं ना? येऊ द्या. पण वाचता वाचता जिभेने मागचा तो एक दात चाचपून बघितलात, ते कळलं मला. तोच तो, ज्याला तुम्ही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ठेवलाय. तिसऱ्या भिशीत एकच जागा उरलीय, आणि मीटिंग आत्ताच आहे. तुम्ही पोचायच्या आत मला पोचायचंय. चला, निघतो.