संडासाला जोडलेली गाडी

टिपणीस काकांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते एकच प्रश्न विचारतात : "सोय कशी आहे?"

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीतले एक गृहस्थ अजिंठा पाहून आले. चित्रांचं वर्णन करताना ते थकत नव्हते. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ते ठीक. सोय कशी आहे?" कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की काका आधी हॉलची चौकशी करतात. "बायकांची सोय तळमजल्यावर की वर? आतून कडी लागते का?" नवरदेव काय करतो, हे त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून इकडे आलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.ए.ला इतिहास घेतला होता, आणि ही गोष्ट काकांना इतकी आवडली, की त्यांनी मला नावानं हाक मारणंच सोडून दिलं. "अरे इतिहास, ये, चहा झालाय!" सुरुवातीला माझ्या खोलीत गॅस नव्हता. तेव्हा कित्येकदा मी काकूंच्या हातचं जेवलो. त्यामुळे पुढे मी कुठे हसलोच, तर ते त्या जेवणाला जागून हसलोय, असं समजावं.

काका ठाण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. निवृत्त झाले तरी खिशातली मोजपट्टी आणि उतार दाखवणारी लेव्हलची छोटी बाटली निवृत्त झाली नाही. आमच्या घरी आले, की आधी टेबलावर बाटली ठेवून बघणार. "इतिहास, तुझा चहा उत्तरेला सांडणार."

तर या काकांनी एक दिवस ठाण्याच्या खोपटजवळच्या गॅरेजमधून जुनी मिनीबस विकत आणली. सोसायटीला वाटलं, शाळेची मुलं ने-आण करणार. पण सीटा काढल्यावर गाडीत पहिली वस्तू चढली ती कमोड. अजून पलंग नाही, शेगडी नाही, पडदे नाहीत. मोकळ्या बसच्या कोपऱ्यात एकटा पांढराशुभ्र कमोड, आणि त्यावर बाटली ठेवून लेव्हल बघणारे काका.

"काय काका, संडासगाडी काढली म्हणे!" सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं.

"गाडी कुठली? संडास आहे. त्याला गाडी जोडायचीय," काका म्हणाले.

आणि खरोखर तसंच झालं. तो एवढासा संडास झाला आणि मग बाकीची गाडी त्याच्या अवतीभवती उभी राहिली. खिडकी इतकी उंच, की बाहेरून कितीही उंच माणसाला आतलं दिसू नये. पर्स अडकवायला खुंटी, उठताना धरायला दांडी. बैठकीची उंची ठरवायला त्यांनी काकू भाजी निवडत असताना हळूच त्यांच्या खुर्चीला मोजपट्टी लावली होती. कडी तर त्यांनी कितीदा बदलली, कोण जाणे. रस्त्यावर चालणारं घर म्हणून आरटीओची परवानगी काढायला कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, त्या वेगळ्याच.

हे सगळं काकूंसाठी होतं, हे आख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. लग्न झाल्यावर दोघं विजापूर बघायला गेले होते. वाटेत सोय नाही म्हणून काकूंनी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. भर उन्हात गोलघुमटाच्या पायरीशी त्यांना चक्कर आली, आणि गोलघुमट न बघताच दोघं परत आले. तेव्हापासून लांबचा प्रवास बंद, आणि जवळ कुठे गेल्या तरी काकू घराबाहेर पाणी पीत नाहीत. भाचीचं लग्न असो की माहेरची पूजा, बाहेर जेवढा वेळ तहान सोसते, तेवढंच त्यांचं जग. बाकी सगळ्या आमंत्रणांना एकच उत्तर : "तुम्ही जाऊन या हो. फोटो दाखवा."

गाडी तयार झाल्यावर काकांनी जाहीर केलं, "विजापूर!"

"काही नको," काकू म्हणाल्या. "आधी कल्याण दाखवा."

"कल्याण? अगं, ते इथे पुढच्या स्टेशनवर आहे!"

"असू दे. ऐतिहासिक शहर आहे ना? विचारा इतिहासला."

मी म्हटलं, आहे. प्राचीन बंदर, परदेशी व्यापार, महाराजांचं आरमार, दुर्गाडी किल्ला. चार पानं टिपणं काढून मी तयार झालो. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि मला गावाकडे मामांचा टेम्पो चालवायची सवय होती, त्यामुळे चालक आणि मार्गदर्शक अशी दोन्ही पदं माझ्याकडे आली. गाद्या, पांघरुणं, स्टोव्ह, टाकीभर पाणी, दोन दिवसांचा मुक्काम. वॉचमननं फाटक उघडताना विचारलं, "कहाँ की सवारी, साब?"

"कल्याण."

त्यानं एकदा गाद्यांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "रिक्षा बुला दूँ?"

फराळ काकांनी स्वतः केला होता. वाटेत पत्रीपुलावर गाडी वाहतुकीत अडकली तेव्हा डबे उघडले. खारे दाणे, तळलेल्या सांडग्या मिरच्या, कैरीचं लोणचं आणि सुकटीची चटणी. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, मिठागरात बसून केलंत का हे?" काकूंनी विचारलं.

"चव आहे एकेकाची," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पाणी देऊ? गार आहे."

"मला नको."

तेव्हा डाव माझ्या लक्षात आला. पण त्या डावात सापडलो मी. कल्याणातला काळा तलाव येईपर्यंत मी दोन बाटल्या संपवल्या होत्या. तलावाची माहिती कशीबशी सांगितली आणि गाडीतल्या त्या दाराकडे वळलो, तर काका आडवे आले.

"कुठे?"

"काका, जरा... सोय."

"छे! उद्घाटन व्हायचंय अजून."

"कधी होणार?"

त्यांनी मान काकूंच्या दिशेनं हलवली. काकू तलावाच्या कठड्यापाशी मजेत बदकं बघत उभ्या होत्या. "ती प्यायली, की होईल. तोवर तू पालिकेचं बघ. तिकडे, कोपऱ्यावर. मी चौकशी करून ठेवलीय."

मी पळालो. परत आलो तर काकांनी पुन्हा दाणे पुढे केले. पारनाक्याच्या गल्ल्यांमधून जाताना मी जुन्या बंदराबद्दल सांगत होतो. दूरदेशीची गलबतं खाडीतून आत यायची, खलाशी दिवसेंदिवस समुद्रावर असायचे...

"मग त्यांची सोय?" काका.

"त्याचा उल्लेख नाही, काका."

"बघ! मुख्य गोष्ट लिहिलेलीच नाही. कसला तुझा इतिहास!"

दुपारी मी सहज विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्या गावांची एवढी माहिती. आजवर कुठे कुठे जाऊन आलात?"

काकू मागे पडदे सारखे करत होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "कुठे जाणार? विजापूरनंतर कुठेच नाही. एकट्यानं ताजमहाल बघायचा आणि घरी येऊन हिला फोटो दाखवायचे? ते जमत नाही रे." आणि लगेच मोठ्यानं म्हणाले, "डावीकडे घे, इतिहास! डावीकडे!"

ऊन उतरताना आम्ही दुर्गाडीच्या पायथ्याशी पोचलो. समोर खाडी, पुलावरून भिवंडीकडे जाणारे ट्रक. गाडीच्या दारात खुर्च्या मांडल्या. काकांनी पाण्याचं भांडं भरून काकूंसमोर ठेवलं. मी त्या भांड्याकडे बघत होतो आणि मला माझी आई आठवत होती. माझ्या पदवीदानाला ती एसटीनं आली होती. सभागृहाबाहेर मी तिच्यासाठी उसाचा रस आणला, तर म्हणाली, "तू पी बाबा, मला तहान नाही." बाहेर ऊन रणरणत होतं. तिला तहान नाही, हे मला तेव्हा खरं वाटलं होतं.

काकूंनी भांड्याला हात लावला नाही. त्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"अहो, ओठ बघा कसे फुटलेत. तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलात का?"

"मी? प्यायलो की."

"कधी? बाटल्या सगळ्या या पोरानं संपवल्या. मी बघत होते."

काका खारा दाणा चघळत राहिले. "तू पीत नाहीस, तर मला पण जात नाही," ते शेवटी पुटपुटले. "सवय झालीय."

"म्हणजे? कधीपासून?"

काका खाडीकडे बोट दाखवून, पाणी भरतीचं की ओहोटीचं, असं मला विचारू लागले. काकूंनी भांडं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "शहाणेच आहात." भांडं उचललं, अर्धं प्यायल्या आणि उरलेलं त्यांच्या हातात दिलं. काका प्यायले. काकूंनी भांडं परत भरलं. तेही दोघांनी संपवलं. मग चहा झाला, आणि काकूंनी त्यावर अर्धा कप आणखी मागितला.

पुलावरच्या ट्रकांचे दिवे लागले. मग काकू उठल्या, पर्स घेतली आणि आमच्याकडे न बघता गाडीत चढल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

काका ताडकन उभे राहिले आणि गाडीकडे पाठ करून माझ्यासमोर आले. "बोल," ते दबक्या आवाजात म्हणाले. "इतिहास बोल. मोठ्यानं! तिला अवघडल्यासारखं होईल."

मी उभा राहिलो आणि शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बोलायचो, तशा आवाजात सुरू केलं. ही खाडी, हा किल्ला, इथे बांधलेली गलबतं, त्या आरमाराचा दरारा. फिरायला आलेली दोन-चार माणसं थांबून ऐकू लागली. काकांनी चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकानं ते तो पुसतच राहिले होते. एकदाही त्यांनी मला अडवून काही विचारलं नाही.

दार उघडलं. काकू दांडीला धरून सावकाश खाली उतरल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "अहो, गोलघुमटाचे जिने फार उंच आहेत का हो?"

काकांनी माझ्या दंडाला धरून हलवलं. "थांबलास का?" ते म्हणाले. "सांग की पुढे. ती पण ऐकतेय आता."