पळसपापडीची पंगत

या खेपेला प्रयोग फसूच शकत नाही, असं निकेशने सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं! पोरगा पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला. पळसपापडीच्या, म्हणजे पळसाच्या बियांच्या, अर्काने शेळ्यांचे जंत पडतात, एवढं दाखवायचं. सरांची अट एकच: औषध दिलेल्या आणि न दिलेल्या शेळ्यांतला फरक दिसला तर डिग्री, नाहीतर एक वर्ष गेलं!

शेळ्या आर्वीजवळच्या अनुसयाबाईंच्या. अर्ध्यांच्या गळ्यात लाल फीत, त्यांना अर्क. उरलेल्यांना पांढरी फीत आणि साधं पाणी. महिनाभर अनुसयाबाईंनी पाजायचं, मग निकेशने लेंड्या तपासायच्या. यात चुकायला आहेच काय?

महिन्याने त्याने अनुसयाबाईंच्याच ओट्यावर मायक्रोस्कोप मांडला आणि डोळा लावला. लाल फितीच्या लेंड्यांत जंतांची अंडी जवळपास नाहीतच. वा! आणि पांढऱ्या फितीच्या लेंड्यांत? तिथेही नाहीत! निकेशने काच पुसली, डोळे पुसले. तेच!

"मावशी, पांढऱ्या फितीवाल्यायले काय पाजलं?"

"औषध! सगळ्यायले पाजलं."

"सगळ्यायले? काऊन?"

"काऊन म्हंजे? एका दावणीच्या शेळ्या. एकीले औषध अन् दुसरीले नुसतं पाणी? असा पंक्तिप्रपंच मी नाई करत, बाप्पा! हे पाप कुठं फेडू?"

निकेशने कपाळावर हात मारला. "अवो मावशी, तो प्रपंच करासाठीच त् फिती बांधल्या! अन् अर्क पुरला कसा?"

"कमी पडला त् मीच वाढवला. वावडिंग टाकलं, ओवा टाकला, कडुनिंबाचा पाला कुटून टाकला."

म्हणजे लाल फितीचंही वाटोळं! निकेशचं डोकं भणाणलं. तेवढ्यात त्याला शेजारच्या रुख्मिणीबाईंचा गोठा दिसला. त्याच रानात चरणाऱ्या शेळ्या! त्या 'औषध न दिलेल्या' म्हणून धरल्या तर प्रयोग निदान अर्धा तरी वाचतो!

"रुख्मिणीबाईच्या शेळ्यायले त् नाई न पाजलं?"

"वाटी धाडत होती न मी रोज! शेजाऱ्याले सोडून खावाचं का? रूपरावच्या शेळ्यायलेबी देल्लं, बंडूजीच्या म्हशीलेबी!"

"मावशी!" निकेश रडकुंडीला आला. "या गावात औषध न पेलेलं कोणी उरलं का नाई?"

तेवढ्यात सरांचा फोन आला. निकेशने अडखळत सगळं सांगितलं. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरं गाव बघ."

गेलं वर्ष! निकेश मटकन ओट्यावर बसला. अनुसयाबाईंनी त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे मायेनं पाहिलं, आत गेल्या आणि भरलेली वाटी घेऊन आल्या.

"उरले न, डाक्टर! तुम्हीच उरले. घ्या!"

निकेशने नाक दाबून वाटी रिकामी केली. वर्ष तर बुडालंच होतं, निदान पोट तरी साफ होईल म्हटलं!