ताटाचा राखणदार

आमच्या वडगावच्या विणकर गल्लीत जेवताना मधेच उठायची कुणाची छाती नव्हती. घराला आग लागली तरी नाही. कारण शेजारी सातेरीअण्णा राहत होते.

तसा माणूस साधा. दिवसभर मागावर बसून लुगडी विणायची आणि तंबाखू चोळायची. पण कुठे पंगत बसली की अण्णा काठी घेऊन दारात उभे. लग्न कुणाचंही असो, आमंत्रण असो वा नसो. जेवणारा जरा हलला की दरडावायचे, "घास संपव, मग बोल!"

एकदा उचगावच्या लग्नात ऐन पंगतीत गाडीचे बैल सुटले. गाडीवाला ताडकन उठला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर काठी टेकवून त्याला खाली बसवला. "घास संपव, मग बैल बघ." बिचाऱ्याने कसाबसा भात कोंबला, तोवर बैलांनी पाटलाच्या उसाची धूळधाण केली होती. पाटील बोंबलत आला, तर अण्णा त्यालाच म्हणाले, "बैल बी जेवायलाच गेल्यात न्हवं? मग त्यास्नी तरी का उठिवतोस?"

माझी तर नोकरीच जाता जाता राहिली. मी शाळामास्तर. एका दुपारी घरी जेवत होतो, तर शाळेचा शिपाई धापा टाकत आला. इन्स्पेक्टर साहेब आलेत म्हणे! मी उठणार तोच अण्णा दारात.

"साहेब काय पळून जातोय व्हय? भात घे, मास्तर."

"अण्णा, साहेब गोरा आहे हो!"

झालं! गोरा म्हटल्यावर त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढायला लावली. साहेबाने 'मास्तर आळशी' असा शेरा मारला. तो मला पुढे बरीच वर्षं पुरला.

या खुळाचं मूळ त्यांच्या आज्जात होतं. आज्जा कंपनी सरकारविरुद्धच्या बंडात सामील होऊन कणकुंबीच्या रानात लपला होता. बेंदराला, बैलांच्या सणाला, पोरांची तोंडं बघायला म्हणून घरी आला. बायकोने पोळी वाढली, पहिला घास हातात घेतला आणि सरकारी शिपाई दारात. भरल्या ताटावरून उठवून नेला आणि फासावर दिला. त्याची ना कुठे समाधी, ना तसबीर. दर बेंदराला अण्णा आज्जाच्या नावाचं ताट वाढायचे, मग घराकडे पाठ करून उंबऱ्यात उभे राहायचे. म्हणायचे, "जेव रं आज्ज्या, सावकाश. दारात म्या हाय." गल्लीतली पोरं खिदळायची. अण्णांना त्याचं काही नसे.

बेचाळीस साली अण्णांचा एकुलता एक मुलगा यल्लाप्पा चळवळीत पडला. तारा तोडल्या म्हणून पोलीस त्याच्या मागावर होते. बरेच दिवस खानापूरकडे लपतछपत काढून एका दुपारी तो घरी आला. गंगाक्कांनी, म्हणजे त्याच्या आईने, ताट वाढलं न वाढलं तोच दोन शिपाई घेऊन हवालदार हजर. सगळी गल्ली गोळा झाली.

अण्णा उंबऱ्यात. काठी आडवी.

"अण्णा, बाजूला व्हा. वरनं हुकूम हाय."

"पोरगं जेवतंय."

"तुरुंगात बी जेवाण मिळतंय."

"माझ्या आज्ज्याला भरल्या ताटावरनं उठिवलं. ह्याला न्हाय उठवू द्यायचो. जेवाण झालं की ने, म्या आडवत न्हाय."

"आणि मागच्या दारानं पळाला म्हंजे?"

"मग मला ने. पर पळायचा न्हाय त्यो. आमच्यात जेवताना कोण उठत न्हाय."

हवालदार नंदगडकडचा, आमच्याच मातीतला. त्याने काठीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि मुकाट्याने कट्ट्यावर बसला. अण्णा मागे वळून न बघता आत ओरडत होते, "भात घाल त्याला. दही घाल. मिरची दे गं लेकराला." मधेच लक्षात आलं तसं त्यांनी हवालदारालाही भाकरी-झुणका द्यायला लावला.

यल्लाप्पा हात धुऊन बाहेर आला, आईबापाच्या पाया पडला. हवालदार अर्धी भाकरी टाकून लगबगीने उठायला लागला, तर अण्णांनी काठी त्याच्या खांद्यावर टेकवली.

"घास संपव."

सरकार निमूट बसलं आणि जेवलं. मला हसूही आलं आणि रडूही.

पोराला घेऊन ते गेले. "जेवून गेला," अण्णा ज्याला त्याला सांगत होते. "माझा यल्लाप्पा पोटभर जेवून गेला."

माणसं पांगली. गंगाक्कांनी डोळे पुसत अण्णांचं ताट वाढलं. मी तिथेच होतो. अण्णांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडापर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. भरल्या ताटावरून. आमचे सातेरीअण्णा!

"अण्णा, घास संपवा," मी म्हटलं.

"उतरंना, मास्तर. सारकं दाराकडं ध्यान जातंय."

कोपऱ्यातली काठी मी उचलली. उंबऱ्यात जाऊन घराकडे पाठ करून उभा राहिलो.

"जेवा अण्णा, सावकाश. दारात मी आहे."

 मागे पाट पुन्हा ताटाकडे सरकल्याचा आवाज आला.