वाघोजीरावांचं पोट आणि चंद्रीची डॉक्टरकी

बाळांनो, विलायती औषधांच्या बाटल्या आपल्याकडे नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. एका जंगलात वाघोजीराव नावाचा वाघ राज्य करत होता. राज्य ठीक होतं, पोट ठीक नव्हतं. जेवण झालं की करपट ढेकर. ढेकर दिला की झाडावरची पाखरं उडून जात.

त्याच जंगलात चंद्री नावाची हरिणी राहायची. एकदा ती बेसावध चरत होती आणि वाघोजीरावांनी तिला खिंडीत गाठलं. पळायला वाट नव्हती. तेवढ्यात वाघोजीरावांनी ढेकर दिला.

"सरकार," चंद्री घाईघाईने म्हणाली, "मला खा, पण गिळू नका. तुमचं पोट त्यानंच बिघडलंय."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"नदीकाठी साहेबाचा तंबू पडलाय ना, तिथं ऐकलं. साहेब मडमेला पेपर वाचून दाखवत होता. विलायतेत म्हणे आता घास गिळतच नाहीत. तोंडात त्याचं पाणी होईस्तोवर चावतात. सगळे रोग पळतात."

विलायतेचं नाव निघाल्यावर वाघोजीराव सावरून बसले.

"बरं. मग तुला सावकाश चावतो."

"आधी सवय नको का, सरकार? सुरुवात गवतावर करायची असते."

वाघोजीरावांनी गवत चावलं. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं आणि भडाभडा उलटी झाली. चंद्रीने डोळे मिटले. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"अगं," वाघोजीराव म्हणाले, "किती हलकं वाटतंय!"

त्या दिवसापासून चंद्री राजवैद्य झाली. दरबारात जो तो गवत चावू लागला. लांडगे चावत, बिबटे चावत. तोंडं भरलेली, त्यामुळे भांडणंही थांबली. हरणं उघड्या माळावर खुशाल लोळू लागली. चंद्रीला सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. ती रोज वाघोजीरावांची जीभ बघायची आणि 'हं' म्हणायची. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा म्हणाली, "रोग बाहेर पडतोय."

एके दिवशी वाघीणबाई माहेरहून परत आल्या. नवऱ्याची दशा बघून त्यांनी डरकाळी फोडली.

"कुणी केलं हे?"

साऱ्या दरबाराने चावता चावता चंद्रीकडे बघितलं. वाघीणबाई दोन ढांगांत तिच्यापुढे आल्या. पंजा वर गेला. चंद्रीला साहेब आठवेना, विलायत आठवेना.

"बाईसाहेब," तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "हल्ली तुमची कंबर फार दुखते, नाही?"

पंजा वरच राहिला.

"अगबाई!" वाघीणबाई मटकन खाली बसल्या. "तुला कसं गं कळलं?"

तात्पर्य: औषधाचा गुण यायलाच हवा, बाळांनो. पण तो रोग्यालाच यावा, असा हट्ट धरू नये. वैद्य जगला, तरी औषध लागू पडलं म्हणावं.