बाईसाहेबांची वाचा सुरावाटे फिरोन आली ती हकीकत

नादरूप जे दैवत, ज्यास देऊळ नाही व मूर्तीही नाही, त्यास दंडवत घालोन हे वर्तमान सांगितले जाते. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, पौष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, ऐसे घडले की राज्याच्या धनीण म्हाळसाबाईसाहेब, थोरले महाराज कैलासवासी जाहल्यावर ज्या कारभार खासा पाहत होत्या, त्या एके सकाळी स्नान करोन देवघराकडे चालल्या असता उंबऱ्यातच कोसळल्या, आणि उठवोन पाहतात तो उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे एक शब्द तेवढा मुखी राहिला, तो ‘पाणी’. हाक मारणे जाहले तरी पाणी, नको म्हणणे जाहले तरी पाणी, आणि दासींनी धावत पाणी आणावे आणि बाईसाहेबांनी डाव्या हाताने तांब्या भिरकावोन द्यावा, आणि मग आपणच भिंतीकडे तोंड करोन डोळे पुसावे. समज सारी शाबूत होती, हाच दुःखाचा मोठा भाग.

आणि त्याच दिवसांत गनीम गडाखाली मोर्चे लावोन बसला होता. त्याचा वकील निरोप घेऊन आला की गड खाली करोन द्या, माणसांस इजा होणार नाही. पलीकडच्या ठाण्यात हाच शब्द दिल्हा होता आणि दरवाजा उघडताच माणसे कापिली होती, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु बाईसाहेबांचे दीर रायाजीराव यांची मसलत निराळी. गड द्यावा आणि बदल्यात गादी आपण घ्यावी, ऐसे त्यांचे गनिमाशी आतून ठरले होते. त्या राज्याचा रिवाज ऐसा की धन्याचा हुकूम धन्याच्या मुखातून भरल्या दरबारी निघावा, खुणेचा हुकूम चालत नाही. म्हणोन रायाजीरावांनी वसंतपंचमीस दरबार नेमिला आणि सांगितले, “वहिनीसाहेबांनी वकिलास आपल्या तोंडे जबाब द्यावा. नच साधले तर शिक्का आम्ही उचलू.”

मग राजवैद्य विसोपंत यांनी विचार केला. काढे दिल्हे, लेप दिल्हे, हात काहीसा हलू लागला, परंतु बोल येईना. त्यांस आठवले की गडावर चिमा म्हणोन कलावंतीण आहे, तिच्या आईस हीच व्याधी जाहली होती, आणि बोलणे गेले तरी गाणे राहिले होते. परंतु चिमेचे नाव वाड्यात घेणे कठीण. थोरले महाराज तिच्या गाण्यावर लुब्ध होते, प्रहरच्या प्रहर तिच्याकडे बसत, आणि महाराज गेले त्याच दिवशी बाईसाहेबांनी हुकूम केला होता की या बाईचा आवाज आमच्या भिंतीआत येऊ नये. तेव्हापासोन चिमा आपली हवेली गमावोन गडाच्या माचीवर एका खोपटात राहत होती, कोणी गाण्यास बोलावीत नव्हते, आणि गळा असोन मुकी जाहली होती. वैद्य तिच्या दारी गेले आणि म्हणाले, “चिमे, चल. गोष्ट जिवावरची आहे.”

चिमा म्हणाली, “पंत, ज्यांनी माझा गळा बंद केला त्यांचा गळा मी उघडावा? आणि उघडल्यावर पहिला हुकूम मला हाकलण्याचाच सुटला तर?”

पंत म्हणाले, “सुटेलही. नाही कसे म्हणू? पण गड दिल्हा तर माचीवरची माणसे आधी मरतील, त्यात तूही आलीस.” मग चिमेने तंबोऱ्यावरची धूळ पदराने पुसली आणि ती निघाली.

बाईसाहेबांनी तीस पाहिले मात्र, चेहरा तांबडा जाहला, आणि “पाणी! पाणी!” ऐशा ओरडल्या की दासी थरथरल्या. चिमा दाराशीच बसली आणि हळू गाऊ लागली. देवाची पदे गायिली, पाळणे गायिले, जात्यावरच्या ओव्या गायिल्या, आणि बाईसाहेब भिंतीकडे तोंड करोन पडून राहिल्या. ऐसे कित्येक दिवस गेले. खालोन तोफांचे आवाज येत होते आणि पंचमी जवळ येत होती. मध्येच एके दिवशी रायाजीरावांनी चिमेस गाठोन म्हटले, “उपाय नाही ऐसे सांगोन मोकळी हो. तुझी हवेली परत देतो, दरबारी बैठक देतो. नाही तर कडा तुला ठाऊकच आहे.” चिमा तंबोरा उचलोन आत गेली. परंतु हवेलीची आठवण होवोन त्या दिवशी तिचा सूर एकदोनदा घसरला.

दुसरे दिवशी सकाळी ती गात असता बाईसाहेबांनी उशी उचलोन तिच्या तोंडावर मारिली. तेव्हा चिमेचा संयम सुटला. इतक्या वर्षांचा राग वर आला आणि जे पद कधी गाऊ नये तेच तिने उघड्या गळ्याने धरिले, महाराजांच्या आवडीचे, जे ऐकोन महाराज घरची वाट विसरत: “साजणा, उन्हे उतरली, येसी केधवा.” वैद्य मध्ये पडू लागले. तो बाईसाहेब डाव्या हातावर उठोन बसल्या, आणि त्याच चालीवर, त्याच उतारावर, त्यांच्या गळ्यातून निघाले, “पुरे कर, पुरे कर, मेले तुझे गाणे!”

बाईसाहेबांनी आपल्या ओठांस हात लाविला आणि पुन्हा बोलू गेल्या, तो पाणीच निघाले. मग चिमेकडे पाहिले. ती म्हणाली, “बाईसाहेब, शब्द गेले नाहीत, वाट बदलली आहे. पण वाट हीच आहे, या पदाची. दुसरी मला मिळाली नाही. चालाल?” बाईसाहेबांस सवतीसारखे जे गाणे जन्मभर टोचले त्याच्याच पाठीवर आता राज्य बसवावयाचे होते. शेवटी त्यांनी डावा हात मांडीवर ठेविला आणि ताल धरिला. मग त्या चालीवर चिमा एकेक शब्द रचू लागली आणि बाईसाहेब मागे म्हणू लागल्या. अडखळत, घाम पुसत, कधी रागाने थुंकत, “गड देणार नाही” एवढे शब्द बसविले. पदाची चाल साऱ्या दरबारास ठाऊक होती, आणि ऐकोन लोक काय म्हणतील हे दोघींसही ठाऊक होते.

पंचमीस दरबार भरला. वकील सामोरा बसला, सरदार दुतर्फा, मधोमध शिक्का. रायाजीरावांस कुणकुण लागली होती, म्हणोन त्यांनी आधीच ताकीद दिल्ही की आतोन कोणी शब्द पुरविला तर त्याची जीभ छाटावी. चिमा जाळीच्या पडद्याआड वैद्यांजवळ उभी राहिली. रायाजीराव म्हणाले, “वहिनीसाहेब, वकील खोळंबला आहे.” बाईसाहेबांनी मांडीवर हात ठेविला, भोवती पाहिले, आणि इतक्या डोळ्यांपुढे ते पद गळ्याशी येऊन अडकले. तोंडातून निघाले, “पाणी.” वकील हसला. सरदारांनी माना खाली घातल्या. पुन्हा निघाले, “पाणी.” रायाजीराव उठोन शिक्क्याकडे चालले. पडद्याआड चिमेस एकदा कड्याचा विचार आला आणि एकदा खोपटाचा, आणि दोन्ही विचार पुरे होण्याआधीच तिने तोंड उघडले आणि पदाचा पहिला सूर लाविला. शब्द एकही नाही, नुसता सूर.

“ओढा तीस बाहेर!” रायाजीराव गर्जले. शिपायाने केस धरोन तीस दरबारात आणिले, गुडघ्यावर बसविले आणि सुरी काढिली. तेव्हा बाईसाहेबांचा हात मांडीवर पडला आणि गळ्यातून उंच, चिरका, परंतु स्वच्छ आवाज निघाला, चाल तीच, शब्द कोणी न शिकविलेले: “सोड तिला, हात काढ, सोड तिला!” शिपाई जागीच थिजला. आणि त्याच दमात पुढे, “गड देणार नाही, नाही देणार, दरवाजे लावा, तोफा भरा!”

कोणी तरी मागे फिसकन हसले. ओळख पटोन कोणी कुजबुजले. बाईसाहेबांचा चेहरा लाजेने लाल जाहला, परंतु ताल सोडला नाही. रायाजीराव म्हणाले, “हा काय हुकूम! हे तर कलावंतिणीचे गाणे!” तेव्हा म्हातारे किल्लेदार सुभानराव पुढे आले, जमिनीस हात लावोन मुजरा केला आणि म्हणाले, “धन्याचे तोंड, धन्याचा शब्द. आम्हांस चालीशी काय करणे आहे? तोफा भरितो.” मग एकेक सरदार उठोन मुजरा करू लागला, आणि वकील हसणे विसरोन आपली पगडी सावरीत निघोन गेला, आणि रायाजीराव त्याच्याच मागे गड उतरोन गेले ते परत आले नाहीत. पुढे गडाने नेट धरिला, शेजारची कुमक आली, आणि गनिमाने मोर्चे उठविले.

त्यानंतर बाईसाहेब आणि चिमा यांचा स्नेह जाहला, ऐसे म्हणवत नाही. बाईसाहेबांनी मागली गोष्ट कधी काढिली नाही आणि चिमेनेही काढिली नाही. रोज सकाळी ती येई, ताल धरी, शब्द म्हणवी आणि जाई. हळूहळू चाल सैल होत गेली आणि बोलणे मोकळे होऊ लागले. एके दिवशी शिकविणे आटोपोन चिमा तंबोरा गवसणीत घालीत होती, तो मागोन आवाज आला, सुराशिवाय, नुसता बोलण्याचा, जड आणि सावकाश: “चिमा. जेवलीस?”

चिमा वळली. म्हणाली, “नाही, बाईसाहेब.”

बाईसाहेबांनी दासीस खूण केली नाही, तोंडानेच सांगितले, “दोन पाने मांड. शेजारी.” आणि दासी गोंधळोन पाहत राहिली तेव्हा पुन्हा सांगितले, आणि दोघी जेवावयास बसल्या.

येणेप्रमाणे बाईसाहेबांची वाचा फिरोन आली, गड राहिला आणि माणसे वाचली. औषध कोणते म्हणाल तर वैद्यांचे लेप होते, चिमेचा सूर होता, आणि रागही होता. तिन्हींचा वाटा कोणाचा किती, हे ठरविणे आम्हांस साधले नाही. जे घडले ते लिहिले. इति.